नीटनेटके राहायचे कुठे आणि कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धावपळीच्या दिवसातही स्वतःकडे लक्ष द्या, अशा आशयाचे लेख वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून नेहमी येत असतात आणि मी ते आवडीने वाचते. कपडे रात्रीच इस्त्री करून ठेवा, पहाटे अर्धा तास लवकर उठा, आठवड्यातून एकदा केसांना कोमट तेल लावा, रविवार त्वचेसाठी राखून ठेवा, असा सल्ला त्यांत असतो. त्यात चूक काहीच नाही. मात्र वेळ ज्याच्या त्याच्या हातात असतो आणि तो नीट वापरायला शिकले की काम झाले, असे हे लेख गृहीत धरून चालतात. बदलापूर, कसारा, डोंबिवली किंवा विरार इथून रोज मुंबईत नोकरीला येणाऱ्यांच्या बाबतीत, त्यातही बायकांच्या बाबतीत, हे गृहीतक टिकत नाही. नियोजन त्यांना चांगले येते, किंबहुना त्यांचा सारा दिवस नियोजनावरच चालतो. पण घरकाम आणि प्रवास वजा जाता जी पंधरा-वीस मिनिटे उरतात, ती ज्या ठिकाणी उरतात तिथे तोंड धुण्याचीदेखील धड सोय नसते, आणि या गोष्टीवर कोणी लिहीत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

बायकांना आवरायला फार वेळ लागतो, असा एक समज आपल्याकडे विनोदांतून पक्का झालेला आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये केलेल्या वेळवापर सर्वेक्षणाचे आकडे या समजाच्या विरोधात जातात. सहा वर्षांवरील पुरुष झोप, जेवण, आंघोळ आणि स्वतःची निगा या सगळ्यांवर मिळून दिवसाला सरासरी ७१० मिनिटे घालवतात आणि स्त्रिया ७०६, म्हणजे पुरुषांपेक्षा चार मिनिटे कमीच. घरकामाचे चित्र मात्र पार वेगळे आहे. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला २८९ मिनिटे वेळ जातो आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे; जे पुरुष घरकामाला हातच लावत नाहीत, ते या सरासरीत धरलेले नाहीत. तेव्हा पहाटे अर्धा तास लवकर उठण्याचा सल्ला दिला, तर तो अर्धा तास चेहऱ्याच्या वाट्याला येईल की डब्याच्या, हे सांगायला सर्वेक्षणाचीही गरज नाही. ज्या वस्तीत पाणी ठरावीक वेळीच येते, तिथे तर तो पिंप आणि बादल्या भरण्यातच जातो.

नीटनेटके दिसणे ही निव्वळ हौस असती, तर या पत्राची गरज नव्हती. वेळ नसला की माणूस हौस बाजूला ठेवतो. पण आज ती पुष्कळ नोकऱ्यांची अट आहे. मोठ्या दुकानांत विक्रीला उभ्या राहणाऱ्या मुलींचे केस, नखे आणि बूट काम सुरू होण्यापूर्वी रांगेत उभे करून पाहिले जातात, आणि लिपस्टिक फिकी वाटली तर ती पुन्हा लावून यायला सांगितले जाते. परिचारिकेला केस घट्ट बांधावे लागतात आणि नखे कापलेली ठेवावी लागतात, त्यामागे निदान रुग्णाच्या सुरक्षेचे कारण तरी असते. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांनी काय घालावे आणि काय घालू नये याचे परिपत्रक काढले. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठीही तशाच सूचना आल्या, ज्यांत शिक्षिकांनी साडी किंवा ओढणीसह सलवार-चुडीदार आणि शिक्षकांनी खोचलेला शर्ट व पँट, असा तपशील होता. त्यावर चर्चा झाली ती जीन्स चालावी की चालू नये यावर. दुचाकीवरून कच्च्या रस्त्याने वस्तीशाळेवर जाणाऱ्या शिक्षिकेने धूळ झटकून साडी सारखी कुठे करायची, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही.

अपेक्षा नोकरीच्या ठिकाणची आणि ती पुरी करायची मात्र स्वतःच्या वेळेत, असा हा व्यवहार आहे. तो कसा पार पडतो हे पाहायचे असेल, तर सकाळी महिलांच्या डब्यात यावे. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटर आहे आणि जलद गाडीनेही त्याला सव्वा तासाहून जास्तच लागतो. ओल्या केसांना पंचा गुंडाळूनच घर सोडलेली एखादी मुलगी अंबरनाथ गेल्यावर फणी बाहेर काढते, दोन पिना ओठांत धरते आणि गाडीच्या हेलकाव्यांचा अंदाज घेत वेणी घालते. कोणाला निऱ्या सारख्या करायच्या असतील, तर शेजारच्या दोघी न सांगता आडोसा धरतात, आणि खांद्यावर पदराची पिन लावून देणारी बाई ओळखीची असतेच असे नाही. काजळ मात्र गाडी स्थानकात उभी असतानाच लावायचे, हे डब्यात नवीन आलेल्या मुलीलाही दुसऱ्या दिवसापासून कळते. पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ रोजी चर्चगेट आणि बोरिवलीच्या दरम्यान महिला विशेष गाडी सुरू झाली, तेव्हा तिचा हेतू सुरक्षित आणि सुसह्य प्रवास हा होता. पण या गाड्या आणि महिलांचे डबे हीच हजारो बायकांची आवरायची खोली होऊन बसली आहे. डब्यात केस विंचरणाऱ्या बायकांविषयी तक्रार करणारी पत्रेही मी वाचली आहेत. दुसऱ्याचा केस आपल्या डब्याच्या पिशवीवर येऊन पडला की राग येतो, हे मलाही मान्य आहे. परंतु तो राग जिच्यावर निघतो, तिच्याजवळ त्या क्षणी दुसरी जागा कोणती आहे, एवढे तरी तक्रार करणाऱ्याने सांगावे.

रेल्वे स्थानकावरचे प्रसाधनगृह ही खरे तर ती दुसरी जागा व्हायला हवी. तिची अवस्था सविस्तर सांगत नाही, कारण वाचकांना ती ठाऊक आहे. फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधते. दाराला आतून कडी असते, पण खुंटी नसते. खांद्यावरची पर्स, डब्याची पिशवी, छत्री आणि ओढणी घेऊन आत शिरलेल्या बाईने हे सारे ठेवायचे कुठे? फरशी ओली असते. मग पर्स गळ्यात, पिशवी कोपरावर आणि ओढणीचे टोक दातांत, अशी कसरत करावी लागते. बाहेर बेसिनवर आरसा असलाच, तरी फणी ठेवण्यापुरती वीतभर फळी त्याखाली नसते, आणि साबणाचे भांडे भिंतीवर असले तरी ते भरलेले असेल याची खात्री नसते. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ चळवळीने बायकांना स्वच्छ आणि मोफत मुतारी मिळावी, ही साधी मागणी जाहीरपणे बोलण्याजोगी केली. खुंटी, फळी, साबण आणि चालू नळ ही त्याच मागणीची पुढची पायरी आहे. फलाटांवर सरकते जिने बसवणाऱ्या प्रशासनाला भिंतीत चार खिळे ठोकणे जड जाऊ नये.

कामाच्या जागेबद्दल बोलायचे, तर तिथे तरतूद नाही असेही नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ४२ अन्वये कामगारांना हातपाय धुण्याची पुरेशी सोय, स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी वेगळी आणि आडोसा असलेली, देणे मालकावर बंधनकारक होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही धुण्याची सोय, न्हाणीघर, कपडे ठेवण्याची व वाळवण्याची जागा आणि उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची व्यवस्था, या गोष्टी कल्याणकारी सुविधांत धरलेल्या आहेत. कारखान्यातला कामगार तेलाने माखतो, म्हणून त्याला पाणी आणि साबण लागतो, हे कायदा करणाऱ्यांना पंचाहत्तर वर्षांपूर्वी सुचले होते. लोकलच्या गर्दीतून घामाने निथळत आलेल्या आणि पुढच्या दहा मिनिटांत ग्राहकासमोर हसतमुखाने उभ्या राहणाऱ्या मुलीलाही तेच लागते. जिथे गणवेश आहे आणि तपासणी आहे, तिथे तो चढवण्याची आणि केस बांधण्याची दहा-पंधरा मिनिटे कामाच्या वेळात धरली गेली पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मालकाला ती मिनिटे महाग वाटत असतील, तर त्याने तपासणी सोडावी.

हा प्रश्न बायकांचाच आहे असे वाटू नये, म्हणून सुरक्षारक्षकांचा उल्लेख करते. बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या या माणसांना दाढी रोजच्या रोज केलेली, बूट पॉलिश केलेले आणि गणवेश कडक इस्त्रीचा लागतो. आमच्या भागातल्या कितीतरी सोसायट्यांत रक्षक पहाटे पंपाच्या खोलीबाहेरच्या नळावर, खिडकीच्या गजात आरसा अडकवून, थंड पाण्याने दाढी करताना दिसतात. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत रक्षकांच्या अवतारावर चर्चा होते, पण त्यांच्यासाठी आरसा आणि दिवा असलेली न्हाणी बांधण्याचा ठराव क्वचितच येतो.

वेळ नसलेला माणूस झटपट उपायांकडे वळतो, आणि याची किंमत खिशापेक्षा कातडीला जास्त मोजावी लागते. चार दिवसांत चेहरा उजळवणारे म्हणून ओळखीच्या दुकानातून आणलेले मलम पुष्कळदा स्टिरॉइडचे असते. सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसतो, पुढे त्वचा पातळ होते, पुरळ येते, लव वाढते आणि मलम सोडले की आग होऊ लागते, हे त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले, तरी ती आजही सहज मिळतात. समाजमाध्यमांवरच्या दहा-दहा पायऱ्यांच्या दिनचर्येचे मला तितके भय वाटत नाही, कारण ती करायला कोणाला फुरसतच नाही. तज्ज्ञ मंडळी सांगतात ते फारच थोडे आहे: सौम्य साबण किंवा फेसवॉश, कोरडी पडणारी त्वचा असेल तर मॉइश्चरायझर, आणि उन्हात जायचे असेल तर सनस्क्रीन. केस रात्री धुतले आणि वाळवून झोपले, तर ओला अंबाडा दिवसभर बांधून टाळूला खाज सुटण्याचा त्रासही टळतो. दात, नखे, स्वच्छ अंतर्वस्त्रे आणि वाळलेले केस एवढे सांभाळले, तर दर पंधरा दिवसांच्या भुवया पुढे गेल्याने काही बिघडत नाही. अर्थात ज्या बाईला पार्लरच्या खुर्चीत डोळे मिटून बसायला मिळणारी ती वीस मिनिटेच आठवड्यातली विश्रांती वाटतात, तिला मी ती सोडायला सांगणार नाही. डोंबिवली स्थानकाजवळची पार्लरे रात्री आठनंतरही भरलेली असतात, याचे कारण केवळ सौंदर्याची ओढ आहे असे मला वाटत नाही.

घरातली वाटणी हा या सगळ्याचा सर्वांत अवघड भाग आहे आणि त्यावर उपदेश करून उपयोग नसतो, हेही मला कळते. तरीही पुरवण्यांच्या संपादकांना एक सुचवावेसे वाटते. नोकरदार गृहिणीच्या सकाळचा आदर्श तक्ता छापताना पाचला उठणे, सहाला योगासने आणि साडेसहाला चेहऱ्याची निगा असे लिहिले जाते, तेव्हा त्या वेळेत डबा कोण भरत होते, मुलांना कोण उठवत होते आणि सासूबाईंची औषधे कोण देत होते, याचाही रकाना त्यात असावा. असा तक्ता एकदा घरातल्या पुरुषांसाठीही छापावा, आणि त्यात पोळ्या, भाजी व भांडी यांच्या वेळा द्याव्यात. निगा राखण्याचे लेख त्यानंतर लिहिले, तर ते अधिक उपयोगी पडतील.

रेल्वे प्रशासनाने उपनगरी स्थानकांवरील महिलांच्या प्रसाधनगृहांत प्रत्येक दाराआड खुंटी, आरशाखाली फळी आणि नियमित भरला जाणारा साबण, या गोष्टी कधीपर्यंत बसवल्या जातील, याचा खुलासा आपल्या वर्तमानपत्रातून करावा, ही विनंती. मोठी दुकाने, रुग्णालये आणि सुरक्षा पुरवणाऱ्या संस्था यांनीही आपल्याकडे कपडे बदलण्याची खोली आहे की नाही, आणि असल्यास ती रात्रपाळीलाही उघडी असते की कुलूपबंद, हे कळवावे. वाचकांनी आपापल्या कामाच्या जागेची माहिती पाठवल्यास आपण ती स्थानक आणि विभाग यांनुसार छापाल, अशी अपेक्षा आहे.

आपली,
एक नोकरदार वाचक,
डोंबिवली (पूर्व)