वस्तऱ्यावरचे चरे विजेवर फिरणाऱ्या चाकाने काढू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातील जुन्या घरगुती वस्तूंवरचा लेख वाचून आमच्या वाड्यातल्या एका तरुणाने आजोबांचा वस्तरा पेटीतून बाहेर काढला. पाते जर्मनीतल्या सोलिंगेनचे. त्यावर बारीक चरे दिसले, म्हणून त्याने तो विजेच्या मोटारीवर फिरणाऱ्या चाकावर कात्र्यांना धार लावून देणाऱ्या एका दुकानदाराकडे दिला. परत आला तेव्हा पाते आरशासारखे चकाकत होते; पण मी भिंगाखाली धरले, तर टोकाकडे बोटभर धारेवर निळसर झाक होती. पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसला निळे पडते आणि वस्तऱ्याचा कडकपणा त्याच्या बराच आधी कमी होऊ लागतो. म्हणजे तेवढ्या भागाचे पाणी (कडकपणा) उतरले, आणि तो भाग घासून संपवल्याखेरीज तिथे धार टिकणार नाही. त्या मुलाचा चेहरा पाहवेना, म्हणून हे पत्र.

मी आयुष्यभर टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यातल्या अवजारे घडवण्याच्या विभागात, काम केले आणि वडिलांचा वस्तरा आजही स्वतः पाजवतो. धार लावताना खरबरीत दगडावरून क्रमाने बारीक दगडाकडे जातात; नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक. माझ्या अनुभवात धारेवरचे चरे बहुतेक वेळा दगडाच्या दोषाने पडत नाहीत; एका दगडावरून दुसऱ्यावर जाताना राहिलेल्या अस्वच्छतेने पडतात. १००० नंबरच्या दगडाचा कण साधारण १५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, ८००० नंबरचा एक ते तीन मायक्रॉनचा. पहिल्याचा एखादा कण नखाखाली, मुठीच्या सांध्यात किंवा पाण्याच्या वाटीत राहून दुसऱ्या दगडावर आला, की पात्याच्या एका फेरीत असा खोल चरा ओढला जातो, जो निपटायला पुढे पन्नास फेऱ्या पुरत नाहीत. म्हणून दर दगडानंतर पाते, हात आणि दगड वाहत्या पाण्याखाली धुवावेत आणि प्रत्येक दगडाला पाण्याची वेगळी वाटी ठेवावी. बडोद्याच्या उन्हाळ्यात तर खिडकीतून येणारी धूळही पुरते. मी मे महिन्यात हे काम पहाटे, पंखा बंद करून करतो.

दगडावरचा गाळ सुकू देऊ नये. काळपट लोखंडी कीस दगडात भरला की दगड कापत नाही, नुसता ओरखडतो. दगड सपाट आहे की नाही, हे पाहायला त्यावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात आणि जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर पसरून त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत घासावे. त्याच वेळी दगडाच्या चारही कडा किंचित मोडून घ्याव्यात, कारण तीक्ष्ण कडेवर पात्याची टाच (मुठीकडचे टोक) अडली की तिथे हमखास चरा उमटतो. पाते चालवताना वजन पात्याचेच पुरे. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या असाव्यात. दाब दिला की पातळ पाते वाकते आणि धारेवर कण रुततात.

आता पडलेला चरा काढायचा कसा? प्रथम भिंगातून तो धारेच्या कडेपर्यंत पोहोचतो का, ते पाहावे. पोहोचत असेल, तर कडेवर सूक्ष्म दाता पडतो आणि दाढी करताना तोच गालाला ओरबाडतो. अशा वेळी थेट सर्वांत खरबरीत दगडाकडे धावू नये. एकच पायरी मागे जावे. मागच्या दगडावर तिरप्या दिशेने फेऱ्या द्याव्यात, म्हणजे जुना चरा नव्या रेघांना छेदताना स्पष्ट दिसतो. तो पूर्ण दिसेनासा झाला, की मगच पुढच्या दगडावर जावे. घाईने एखादी पायरी गाळणारा माणूस १२००० नंबरच्या दगडावर तासभर घासत बसतो, आणि चरा चकचकीत होऊन तिथेच राहतो.

पात्याच्या अंगावरचे चरे ही वेगळी गोष्ट. तिथे ६०० पासून २००० पर्यंतचा पॉलिश पेपर थोड्या तेलात भिजवून, धार टेबलाच्या कडेपासून दूर ठेवून, पाठीपासून धारेच्या दिशेने हळू चालवावा. शेवटी धातूचे पॉलिश. पाते हाताला गरम लागता कामा नये. धार लावून झाल्यावर पाते ज्यावर ओढतात तो चामड्याचा पट्टाही तळहाताने पुसल्याशिवाय वापरू नये, कारण त्यात रुतलेला वाळूचा कण सगळ्या दगडांची मेहनत एका फेरीत घालवतो.

त्या मुलाच्या वस्तऱ्यावर आम्ही गेले तीन रविवार बसतो आहोत. निळा भाग अजून पूर्ण गेलेला नाही. टाचेकडचे दोन चरे मात्र धारेपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून ते तसेच ठेवले आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम कारागीर
दांडिया बाजार, बडोदे