चिडवणे कुठे संपते?

महोदय,

शाळकरी मुलांनी एकमेकांना चिडवणे नवे नाही आणि प्रत्येक थट्टेला छळ म्हणणेही योग्य नव्हे; मात्र त्रास देण्याचा हेतू, त्याची पुनरावृत्ती आणि दोघांच्या ताकदीतील तफावत एकत्र आली की तो छळच असतो, हे नॉर्वेतील संशोधक डॅन ओल्वेयस यांनी १९७०च्या दशकापासून मांडले. युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानुसार जगभरातील जवळपास दर तिसऱ्या विद्यार्थ्याला आदल्या महिन्याभरात असा त्रास झाला होता.

पुण्यात नोकरीनिमित्त दरवर्षी बाहेरगावाहून कुटुंबे येतात. त्यांची मुले सातवी-आठवीत नव्या वर्गात बसतात तेव्हा बोलीचा हेल, रंग, जाडी, अडनावावरून काढलेली जात किंवा आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातील राखीव जागेवर) मिळालेला प्रवेश, यांपैकी काहीही निमित्त ठरते. ज्याला वर्गात एकही मित्र नाही, त्याला धोका सर्वाधिक. त्रास देणाऱ्या मुलाच्या घरीही अनेकदा मारहाण किंवा दुर्लक्ष असते, म्हणून त्याला केवळ शाळेतून काढून टाकणे मला अपुरे वाटते. (‘तूही एक ठेवून दे’ हा आपल्याकडचा लाडका सल्ला तर अशक्त मुलाला अधिकच अडचणीत टाकतो.)

हे प्रकार बहुधा मधल्या सुट्टीत, स्वच्छतागृहापाशी आणि स्कूल बसमध्ये घडतात, आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर सुरूच राहतात. शाळांनी निदान या जागांवर शिक्षकांची पाळी लावावी आणि १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक प्रत्येक वर्गात ठळक लिहावा.

– एक पालक, कोथरूड, पुणे