४१५ सोडवणाऱ्या अण्णांना

सप्रेम नमस्कार, अण्णा.

तोंडावर आभार मानले असते तर "असू दे की रे" म्हणून तुम्ही विषय उडवून लावला असता. म्हणून हे उघड पत्र.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या दूध संकलन केंद्रांवर लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) मोजून झालं की ब्राउझरमधलं पान ती नोंद जेसन (माहिती पाठवायचा एक ठरलेला मजकूर-साचा) करून सर्व्हरला पाठवतं. सर्व्हर बदलला आणि प्रत्येक नोंद ४१५ हा एरर कोड, म्हणजे 'या प्रकारचा मजकूर चालत नाही', घेऊन परत यायला लागली. बिलं काढायची तारीख जवळ आलेली. सर्व्हरवाल्यांचं फोनवर एकच पालुपद, तुमचा जेसन चुकलाय. आणि तोच जेसन पोस्टमन नावाच्या, रिक्वेस्ट पाठवून बघायच्या अॅपमधून पाठवला की बिनबोभाट जायचा!

तुम्ही जेसनकडे बघितलंसुद्धा नाही. "तो मोडका असता तर बहुतेक ४००, म्हणजे 'रिक्वेस्टच चुकीची', आला असता. ४१५ म्हणजे त्यानं आतलं वाचलंच नाही. कॅनमध्ये दूध म्हशीचं, वर खूण गाईची. घेणारा झाकण कशाला उघडतोय?" वरची खूण म्हणजे कंटेंट-टाइप हेडर, रिक्वेस्टमध्ये आत काय प्रकारचा मजकूर आहे ते सांगणारी ओळ, हे मला तिथंच कळलं.

मग ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून रिक्वेस्टचे हेडर मला मोठ्यानं वाचायला लावलेत. कंटेंट-टाइप: टेक्स्ट/प्लेन. आमच्या कोडमध्ये हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. फेचला (पानातून रिक्वेस्ट पाठवणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) नुसती स्ट्रिंग दिली आणि हेडर दिला नाही, तर ब्राउझर तिला साधा मजकूर धरून आपल्या मनानंच ही खूण मारतो. पोस्टमनमध्ये रॉ आणि जेसन निवडलं की 'अॅप्लिकेशन/जेसन' आपोआप लागतं. कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवणाऱ्या कर्लची तर तिसरीच तऱ्हा, 'डॅश डी' (-d) दिलं की तो फॉर्मची खूण लावतो. (२०२२ मध्ये ७.८२.० आवृत्तीत त्याला जेसनचा वेगळा पर्याय आला, तोही तुम्हीच दाखवलात.) कुणीतरी सुचवलेल्या अॅक्सेप्ट हेडरचा इथं काही उपयोग नव्हता. उत्तर कशात हवं, एवढंच तो सांगतो.

हेडर घातला. ४१५ गेला आणि कॉर्सची (एका डोमेनवरच्या पानानं दुसऱ्या डोमेनशी बोलण्याबद्दलचे ब्राउझरचे नियम) तांबडी ओळ आली. दुसरा कुणी असता तर "काढ तो हेडर" म्हणाला असता. तुम्ही नेटवर्क टॅबच्या यादीतली ऑप्शन्स रिक्वेस्ट दाखवलीत. आमचं पान एका डोमेनवर, सर्व्हर दुसऱ्या. टेक्स्ट/प्लेन असताना ब्राउझर थेट पाठवत होता. अॅप्लिकेशन/जेसन म्हटलं की तो आधी ही ऑप्शन्स रिक्वेस्ट पाठवून सर्व्हरची परवानगी विचारतो. सर्व्हरवाल्यांना फोन तुम्हीच लावलात आणि अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत समजावलंत, की ऑप्शन्सच्या उत्तरात कंटेंट-टाइप हेडरला मुभा द्या. मी त्यांच्याशी भांडून थकलो होतो. तुमचा आवाज एकदाही चढला नाही.

शेवटची धास्ती नावांची होती. आमच्या यादीत काही शेतकऱ्यांची नावं मराठीत, काहींची कन्नडात. हेडरमध्ये कॅरेक्टर सेट लिहिला नाही तर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं उमटतील असं वाटत होतं. जेसनची देवाणघेवाण यूटीएफ-८ मध्येच करायची असा नियमच आहे, वेगळं लिहायची गरज नाही, असं सांगून तुम्ही गाडीला किक मारलीत. संध्याकाळच्या संकलनात दोन्ही लिप्यांतली नावं पावतीवर जशीच्या तशी उतरली.

निपाणीकडच्या एका केंद्रावरही हेच पान चालतं. तिथल्या पोराला आता मी हेडर मोठ्यानं वाचायला लावतो.

आपला,
खानापूरचा दूधवाला प्रोग्रॅमर