निर्दोष सुटला, पण खर्चाचे काय?

महोदय,

स्वसंरक्षणाच्या हक्काचा वापर करताना केलेली कृती गुन्हा नाही, असे भारतीय न्याय संहितेचे कलम ३४ सांगते. जुन्या दंड संहितेचे कलम ९६ही तेच सांगत होते. पण हे ठरते कधी? अटक, जामीन, आरोपपत्र, साक्षी आणि तारखांवर तारखा झाल्यावर. त्यातही स्वसंरक्षणाची परिस्थिती होती, हे दाखवण्याचा भार आरोपीवरच. (त्यासाठी संभाव्यता दाखवणे पुरते, असे सर्वोच्च न्यायालय म्हणते, हा दिलासा.) घरात शिरलेल्या हल्लेखोराला रोखणारा माणूस सुटतो, तोवर वकिलाच्या फीपायी शेत गहाण पडलेले असते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर निर्दोष ठरलेल्याला वकिलाची फी आणि बुडालेला वेळ धरून वाजवी खर्च राज्य सरकार देते. मात्र ज्युरीने तसा वेगळा निष्कर्ष द्यावा लागतो. फ्लोरिडाने २००५ मध्ये याहून पुढे जाऊन खटल्यापासूनच संरक्षण दिले. तिथे घरोघरी बंदुका असताना ते मला धोक्याचे वाटते, आपल्याकडे ते नकोच. खर्चाची भरपाई मात्र हवी.

चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी कायदा करा, असे विधी आयोगाने २०१८ च्या २७७व्या अहवालात सुचवले होते. फौजदारी खटल्यांची प्रक्रिया ठरवणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते आलेच नाही. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. राष्ट्रपतींच्या संमतीने महाराष्ट्राला स्वतःची दुरुस्ती करता येते. येत्या अधिवेशनात आमदारांनी तसे विधेयक मांडावे.

— एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा