ओल्या भिंतीला दिवाळीची घाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की ‘शनिवार-रविवारात घराचा कायापालट’ छापाचे लेख सगळ्याच पुरवण्यांत येऊ लागतात. आपल्या पुरवणीतला लेखही त्याच वळणाचा होता. पोपडे खरवडा, पुट्टी (भिंत गुळगुळीत करायचा लगदा) भरा, वर आवडीचा रंग मारा आणि उरलेल्या कोपऱ्यात विटांच्या नक्षीचा स्टिकर चिकटवा. फोटो देखणे होते, खर्चही बेताचा होता. पण पोपडे सुटलेल्या भिंतीसाठी हा सल्ला सपशेल चुकीचा आहे. तो ऐकून रंगवलेली भिंत पुढच्या गणपतीपर्यंत पुन्हा सुटते आणि शिव्या मात्र रंगाच्या कंपनीला बसतात.

विटा, वाळू आणि सिमेंट यांत पाण्यात विरघळणारे क्षार असतातच. भिंतीत मुरलेले पावसाचे पाणी ते बरोबर घेऊन कोरड्या बाजूकडे, म्हणजे घराच्या आत सरकते. तिथे पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक होतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. स्फटिक वाढताना पुट्टीला गिलाव्यापासून ढकलतात, ती फुगते, बोटाने दाबली तर करकर वाजते. असा एखादा पापुद्रा हातात आला तर फेकू नये, त्याची मागची बाजू पाहावी. तिथे मिठासारखी पांढरी भुकटी असेल तर लोणा आहे. काळे-हिरवट ठिपके असतील तर बुरशी. मागची बाजू अगदी स्वच्छ आणि गुळगुळीत असेल, तर बहुधा ओलीचा दोष नाही, जुन्या चुन्यावर किंवा ऑइलपेंटवर न घासताच पुट्टी ओढलेली आहे. तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत आणि लेखात तिघांवर एकच औषध सांगितले आहे.

भिंत आतून ओली आहे का, हे नुसत्या हाताने कळत नाही. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा दीड फूट लांब-रुंद तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा रुंद चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात आणि किमान १६ तास तसाच राहू द्यावा. मग प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले किंवा त्याखालची भिंत गडद दिसली, तर पाणी भिंतीत आहे. दमटपणा खोलीकडच्या बाजूला असेल तर तो हवेतला, त्याला खिडकी उघडी ठेवणे आणि पंखा पुरतो. चिकटपट्टीच भुकटीसकट सुटून येत असेल तर वेगळ्या परीक्षेची गरज नाही.

पाणी कुठून येते हे बरेचदा डागाच्या जागेवरून ओळखता येते. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत ओल असेल तर खिडकीखालच्या दगडी पट्टीचा उतार पाहावा. तो बाहेरच्या बाजूला हवा, पट्टी भिंतीच्या थोडी पुढे आलेली हवी आणि तिच्या खालच्या अंगाला खाच हवी, म्हणजे थेंब तिथेच तुटून खाली पडतो, नाहीतर तो पट्टीच्या पोटाला धरून भिंतीत शिरतो. चौकट आणि भिंत यांच्यामधले सिलिकॉन काही वर्षांत कडक होऊन सुटते, तेही पाहावे. विटांची भिंत आणि काँक्रीटचा बीम किंवा कॉलम जिथे मिळतात तिथे सरळ रेषेत चीर दिसेल, कारण ऊन-थंडीत दोन्ही सारखे आकुंचन-प्रसरण पावत नाहीत. ही चीर पुट्टीने भरणे म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा पाहणे. तिथला गिलावा पट्ट्यात तोडून, सांध्यावर जाळी ठोकून पुन्हा गिलावा करावा लागतो. तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल असेल तर ती बहुधा जोत्यातून चढते आहे.

पावसाशी संबंध नसलेली, बाराही महिने टिकणारी ओल मात्र बाथरूमकडे बोट दाखवते. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी कोणी नळ उघडायच्या आत पुन्हा पाहावा. टाकीच्या पुढे घरापुरता मीटर असेल तरच याचा उपयोग. आकडा हलला तर नळाची लाइन गळते आहे. हलला नाही तर नहाणी ट्रॅपचे, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीचे, तोंड बंद करून बाथरूममध्ये इंचभर पाणी २४ तास साठवावे. खालच्या छताला डाग उमटला की फरशीचे सांधे किंवा ट्रॅपचा जोड गेला आहे हे नक्की. सोसायट्यांमध्ये या मुद्द्यावर शेजाऱ्यांची बोलाचाल बंद होते, म्हणून सांगतो: सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते, तर संडास-सिंकसारखी घरातली गळती सदस्याने स्वतःच्या खर्चाने.

ओलीवर दुकानात ‘आतून लावा, ओल बंद’ म्हणून डबा मिळतो. पाणी बाहेरून येत असताना आतला पृष्ठभाग बंद केला, तर ते भिंतीतच राहते आणि वाट काढत दोन फूट वर किंवा शेजारच्या खोलीत डोकावते. बाहेरची दुरुस्ती शक्यच नसेल तेव्हाचा तो तात्पुरता उपाय आहे. पहिला उपाय म्हणून तो सांगू नये.

आता मुख्य मुद्दा, वेळेचा. पाण्याची वाट बंद केल्यावरही भिंत वाळायला ढोबळमानाने दर इंच जाडीला एक महिना लागतो, असा बांधकामातला हिशेब आहे. नऊ इंची भिंत दोन्ही अंगांनी वाळत असेल तरी चार-साडेचार महिने धरा. हवामान खात्याच्या तारखांनुसार मुंबईतून मोसमी पाऊस सरासरीने ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो आणि दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत दिवस मिळतात वीस. कोकणातल्या जांभ्या चिऱ्याच्या भिंती तर चार महिने पाणी पीतच असतात, त्यांचे गणित याहून अवघड. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात ओल्या भिंतीवर आपण वर्षातला सगळ्यात महाग रंग चढवतो. ओलीच्या भिंतीचे काम गुढीपाडव्याच्या आसपास काढावे. बाहेरच्या चिरा, छज्जा आणि गच्ची मार्च ते मे या काळात दुरुस्त करून, एक पावसाळा जाऊ देऊन, त्यानंतरच्या उन्हाळ्यात आतला रंग दिला तर उत्तमच. एवढा धीर कोणाला नसतो हे ठाऊक आहे. निदान दिवाळीला ती भिंत खरवडून, लोणा कोरड्या ब्रशने झाडून, उघडी ठेवावी. पाण्याने धुऊ नये, क्षार विरघळून पुन्हा आत जातात. उघडा गिलावा पाहुण्यांना बरा दिसत नाही, पण तो वाळतो.

बुरशी असेल तर बाजारात मिळणारे पातळ ब्लीच एक भाग आणि पाणी तीन भाग असे लावून १०-१५ मिनिटांनी पुसून घ्यावे, हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या ठेवून. त्यात संडास धुण्याचे ॲसिड किंवा अमोनियाचे क्लीनर कधीही मिसळू नये, विषारी वायू होतो.

कोरड्या, आतल्या भिंती दिवाळीला खुशाल घरच्या घरी रंगवाव्यात. तिथे बहुतेक काम पुट्टीत बिघडते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी उघड्या, किंचित ओलसर केलेल्या गिलाव्यावर धरते, जुन्या रंगावर धरत नाही. जुन्या रंगावरच्या किरकोळ खड्ड्यांना प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) एक हात, म्हणजे थर, देऊन डब्यात तयार मिळणारी ॲक्रिलिक पुट्टी भरावी. ती फक्त आतल्या कोरड्या भिंतींसाठी आहे, पाणी लागले की मऊ पडते. सिमेंट पुट्टी एक किलोला ३६० ते ३८० मिलिलिटर पाण्यात कालवावी, दहा मिनिटे ठेवून पुन्हा घोटावी आणि तीन तासांत संपवावी. घट्ट झाल्यावर पाणी घालून सैल केलेली पुट्टी वाळल्यावर हाताला पिठासारखी लागते. दोन्ही हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर नको. खिळा उपटल्याचा खोल खड्डा असेल तर आधी एकास चार सिमेंट-वाळू भरून वाळू द्यावी, कारण जाड पुट्टी आक्रसते आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. रात्रभर वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावी, धूळ ओल्या फडक्याने पुसावी आणि मग प्रायमर. भरलेल्या ठिगळांवर प्रायमर टाळला की ठिगळ रंग शोषून घेते आणि संध्याकाळी तिरक्या उजेडात भिंतभर नकाशा दिसतो.

१० बाय १२ च्या, दहा फूट उंच खोलीच्या चार भिंती ४४० चौरस फूट होतात. एक दार आणि एक खिडकी वजा करून ४०० धरा. इमल्शनच्या (पाण्यात कालवायच्या भिंतीच्या रंगाच्या) दोन हातांना लिटरमागे साधारण ५५ ते ६५ चौरस फूट, म्हणजे सात लिटर. यंत्रावर तयार केलेली छटा दोन खेपांत तंतोतंत तशीच येईल याची खात्री नाही, म्हणून सगळे डबे एकदम घ्यावेत आणि एका बादलीत एकत्र करूनच सुरुवात करावी. पाणी डब्यावर लिहिले असेल तेवढेच, शेजारच्या पेंटरचे माप दुसऱ्या रंगाचे असते. एका भिंतीचे काम मध्येच सोडून चहाला बसू नये. कड वाळली की पुढचा पट्टा तिच्यावर चढतो आणि जोड दिसतो. पंखाही त्या वेळी बंदच. दोन हातांमध्ये चार तास. कडेची मास्किंग टेप दुसरा हात ओलसर असतानाच काढावी, पूर्ण वाळल्यावर ओढली तर रंगाची किनार फाडून नेते.

विटांच्या नक्षीच्या फोमच्या स्टिकरबद्दल थोडक्यात. ओल्या भिंतीवर ते आठवडाभरात कोपऱ्यातून उचलतात किंवा टिकलेच तर मागे बुरशी पोसतात. कोरड्या भिंतीवर इतके घट्ट बसतात की काढताना पुट्टीसकट निघतात. पीव्हीसी पॅनेलच्या मागे ओल तर असतेच, वर लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्याला वाळवी लागते, आणि ती कळते तेव्हा पॅनेल हातात आलेले असते.

लेखात जुनी दारे-खिडक्या ‘खसाखसा घासून’ नवी करायलाही सांगितले आहे. हे वाक्य दुरुस्त करून छापावे अशी विनंती आहे. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या, विशेषतः जुन्या वाड्या-चाळींतल्या ऑइलपेंटच्या थरांत शिसे असू शकते आणि कोरडे घासल्यावर त्याची धूळ जमिनीवर रांगणाऱ्या मुलांच्या हातातून तोंडात जाते. असे लाकूड पाणपेपरने (पाण्यात भिजवून वापरायच्या घासकागदाने) ओले करूनच घासावे, खाली प्लॅस्टिक अंथरावे, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी घराबाहेर ठेवावे, आणि शेवटी केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने दोनदा पुसावे. दारांचा जुना थर शाबूत असेल, पोपडे नसतील, तर तो उतरवूच नये. पाणपेपर ओला करून हलका हात फिरवून चमक मोडावी आणि वर नवा रंग द्यावा.

आणि पुढचा असा लेख शक्य झाल्यास फेब्रुवारीत छापावा.

आपला,
रंगकाम आणि वॉटरप्रूफिंगच्या धंद्यातला एक वाचक, चिपळूण