तमाशातल्या बायकांचा इतिहास

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

पीएच.डी.ला तमाशातल्या बायकांचा विषय घेणार म्हणालीस, तेव्हापासून नातेवाईक विचारतायत, हा काय इतिहास झाला? झाला की! शैलजा पाईक यांनी तो लिहून दाखवलाय. आपल्याच जिल्ह्यातल्या पोहेगावच्या, येरवड्याच्या वस्तीत एका खोलीत वाढलेल्या. आज त्या अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात इतिहास शिकवतात. दलित स्त्रियांच्या शिक्षणावरचं त्यांचं पुस्तक २०१४चं, तमाशावरचं २०२२चं. २०२४मध्ये त्यांना अमेरिकेतली मानाची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, तिचा सगळीकडे गाजावाजा झाला. मला मात्र दोन पुस्तकांमधली आठ वर्षं मोलाची वाटतात. तेवढा धीर ठेव.

लावणीचा महाराष्ट्राला अभिमान, मग ती नाचणारी बाई तेवढी अश्लील कशी? आणि यात तिच्या जातीचा हात किती? स्त्रीवादी अभ्यासातही जातीचा हा प्रश्न पुष्कळदा मागे पडला. पाईक यांनी तो मधोमध आणला.

आपल्या तालुक्यातली हिवरगावची, तमाशात नाचणारी पवळाच घे. ती महार, शाहीर पठ्ठे बापूराव ब्राह्मण. दोघांनी मिळून फड गाजवला. बापूरावांनी चळवळीसाठी देऊ केलेले पैसे बाबासाहेबांनी नाकारले, असं सांगतात. आपल्या समाजातल्या बायका नाचवून आलेला पैसा त्यांना नको होता. मला बाबासाहेबांचं पटतं. तरीही घाम पवळाचा होता, आणि तिला काय वाटलं हे कुणी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. तू विचार. बाबासाहेबांचं म्हणणं सोडू नकोस आणि पवळालाही सोडू नकोस. हे अवघड आहे, पण माझ्या मते तुझा प्रबंध इथेच आहे.

तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर बाळंत होऊन लगेच पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट लोक कौतुकानं सांगतात. तू विचार, त्यांना उभं का राहावं लागलं?

चैत्रातल्या जत्रांआधी नारायणगावला जा. तिथे राहुट्यांमध्ये तमाशाच्या सुपाऱ्या, म्हणजे खेळांचे करार, ठरतात. कोणाला किती मिळतं, उचल किती, कर्ज किती, सगळं उतरवून घे. खर्चाची काळजी करू नकोस, बाबांशी मी बोलले आहे. कुणाही बाईचं बोलणं रेकॉर्ड करण्याआधी तिला विचार. नाव छापायचं की नाही, तेही तिलाच ठरवू दे.

तुझी,
आई