नागपूरजवळच्या वाडीच्या उस्तादांना, मनापासून

उस्ताद, तोंडावर बोललो असतो तर "चल बे, काम कर" म्हणून उडवून लावलं असतं तुम्ही, म्हणून इथं लिहून राहिलो. पोरगा वाचून दाखवेल तुम्हाले.

आधीचं सांगतो, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. आमच्या दहा चाकी बीएस-४ ट्रकच्या इंजिनच्या कॉम्प्युटरात एका ठिकाणी "स्टेज वन" म्हणून सेटिंगची रेडिमेड फाइल टाकून दिली होती, पैसे मात्र कस्टम ट्युनिंगचे, म्हणजे आमच्याच गाडीपुरती सेटिंग बसवायचे घेतले. छिंदवाडा रोडले सिल्लेवानी घाटात लोड घेऊन चढली की मागं नुसता काळा धूर, ड्रायव्हर म्हणे भाऊ टर्बो जाईल एक दिवस. परत गेलो तर म्हणे फाइल सगळ्या गाड्यांत चालते, तुमच्याच गाडीत खराबी आहे. ओरिजनल फाइल मागितली तर देतो देतो करत फिरवलं. मग म्हटलं आपणच शिकू, दुसरीकडे फी भरली, तर तिथं मॅप, म्हणजे फाइलमधला आकड्यांचा तक्ता, उघडला रे उघडला की लॅपटॉपचं तोंड भिंतीकडे अन् मले पाना आणायला पिटाळायचे.

तुमच्याकडे आलो तर तुम्ही आधी लॅपटॉप उघडलाच नाही. इंटरकूलरचा पाइप हातानं चाचपला, क्लॅम्पापाशी तेलाचा ओलसर डाग दाखवला, म्हणाले इथून बूस्ट, म्हणजे टर्बोनं दाबलेली हवा, लीक होऊन राहिला, फाइल बदलून काय होते. नोझल चेक केले, मग लोड गाडीत माझ्याबाजूले बसून बूस्ट, रेल प्रेशर (नोझलकडं जाणाऱ्या डिझेलचा दाब) अन् एक्झॉस्ट टेम्परेचरचा लॉग, म्हणजे चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद, घेतला. नागपूरचं ऊन ट्युनिंगमध्ये मोजावं लागते हे मले तुम्ही सांगितलं. २५ डिग्रीच्या हवेपेक्षा ४५ डिग्रीची हवा जवळपास ६ टक्के पातळ, म्हणजे ऑक्सिजन तेवढा कमी, अन् डिझेल तेवढंच मारलं तर ते पूर्ण जळत नाही, धूर होते अन् एक्झॉस्ट तापते. "चुलीत हवा नसताना लाकडं कोंबली तर भाकर भाजते का?" एवढंच म्हणाले तुम्ही, अन् हवेच्या हिशेबानं डिझेल रोखणारा स्मोक लिमिटर म्हणजे काय ते डोक्यात बसलं.

पण आभार खरे मानायचे ते त्या एका गोष्टीसाठी. मॅप उघडला, तुम्ही स्टूलावरून उठले, कॉटन वेस्टनं कीबोर्ड पुसला अन् लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "बस. आधीची फाइल सेव्ह आहे, बॅटरीले चार्जर लावलाय, व्होल्टेज पडणार नाही. तूच बदल." माझे हात थरथरत होते. तुम्ही खांद्यामागून पाहत उभे राहिले, आकडा चुकला तर बोट लावून नाही दाखवलं, फक्त विचारलं, "काहून एवढं?" मी स्वतःच कमी केलं. उस्ताद, आजपर्यंत कोणी माझ्याकडे स्क्रीन फिरवली नव्हती हो.

त्याच दिवशी एक पार्टी आली होती, बीएस-६ गाडीचं अ‍ॅडब्लू (धुरातले विषारी वायू कमी करायचं द्रावण) बंद करून दे म्हणून, नोटा हातातच होत्या. तुम्ही चहा पाजला अन् "हे काम मी करत नाही" म्हणून शांतपणे परत पाठवलं. त्या दिवसाचा गल्ला काही मोठा नव्हता, मले दिसत होतं. अशा माणसांमुळे धंद्यात लाज शिल्लक आहे, ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये अशी माणसं कमी आहेत पण आहेत, अन् त्यांचं नाव कोणी घेत नाही म्हणून वाईट वाटते.

गाडी आता भर उन्हात घाट चढते, पॉवर फार वाढवलीच नाही आपण, पण धूर गेला अन् ड्रायव्हर खूश आहे. पोळ्याले घरी या, आईनं सांगून ठेवलंय, नाही म्हणू नका. अन् भावाच्या गाडीचा लॉग घ्यायचा आहे, तुमचा टेम्परेचर मीटर लागेल, रविवारी न्यायला येतो.